मेण कोणतं, हा दुसरा प्रश्न

गाडीचं मेण विकत घ्यायला निघालेल्या माणसापुढे आज चार-पाच तऱ्हेचे पर्याय मांडले जातात. ब्राझीलच्या कार्नौबा पामचं घट्ट मेण, कृत्रिम पॉलिमरचं सीलंट, फवारायची बाटली, घासून चकाकी आणणारं क्रीम पॉलिश आणि डिटेलिंगवाल्याकडचं हजारांच्या हिशेबातलं सिरॅमिक कोटिंग. प्रत्येकावर महिन्यांचे, कधी वर्षांचे आकडे छापलेले असतात. साहजिकच ग्राहक विचारतो, यातलं सगळ्यात टिकाऊ कोणतं? प्रश्न योग्य आहे, पण त्याचा नंबर दुसरा लागतो. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत अनेक गाड्या सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला बारा महिने उघड्यावर असतात. तिथे चमक किती टिकणार हे आधी ठरतं ते गाडी रोज कशी पुसली जाते यावर, मग मेण वर्षात केव्हा आणि कसं लावलं यावर. डब्यावरच्या नावाला महत्त्व आहे, पण ते या दोहोंनंतर.

हे पटण्यासाठी चमक नेमकी कुठे असते ते पाहावं लागेल. आजच्या गाडीच्या पत्र्यावर सर्वसाधारणपणे चार थर असतात. तळाशी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण जिला गाडीची चकाकी म्हणतो, ती केसाहूनही पातळ पापुद्र्यावर उभी आहे. हा पापुद्रा गुळगुळीत असला की उजेड एकाच दिशेने परततो आणि प्रतिबिंब लख्ख दिसतं. त्यावर बारीक ओरखडे पडले की उजेड विखुरतो, काळी गाडी राखाडी वाटू लागते आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटतात. मेणाचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ. तो अगदी बारीक ओरखडे थोडेफार झाकतो, घाण घट्ट चिकटू देत नाही आणि पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे यांचा पहिला मारा स्वतःवर घेऊन झिजतो. झिजणं हेच त्याचं काम. हरवलेली चकाकी परत आणणं त्याच्या आवाक्यात नाही.

आता मनवेलपाड्याची हवा विचारात घेऊ. पश्चिमेला काही किलोमीटरवर अर्नाळ्याचा किनारा आहे, उत्तरेला वैतरणेची खाडी. दुपारचे खारे वारे मिठाचा अंश घेऊन येतात. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी कोसळतं आणि उरलेल्या आठ महिन्यांत बांधकामांची वाळू-सिमेंट आणि रस्त्यांची धूळ हवेत असते. वाळूतलं क्वार्ट्झ हे कठीणपणाच्या मोह श्रेणीत ७ वर बसतं, साधारण पोलादी सुरीहूनही वर. त्याच्यापुढे क्लिअर कोट म्हणजे मऊ प्लास्टिक. ही धूळ रात्रभर टपावर आणि बॉनेटवर बसते, पहाटेच्या दवाने चिकटते, आणि सकाळी गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात ओळीने गाड्या उरकत जातो. पहिल्या गाडीची वाळू त्या फडक्यात आणि बादलीच्या तळाशी उतरते आणि दुसऱ्या गाडीवर फिरते. एकेका दिवसाचं नुकसान दिसत नाही. वर्षभराचं मात्र दिसतं, आणि ते कोणत्याही मेणाने भरून निघत नाही. त्यात पाण्याचा प्रश्न वेगळा. सूर्या, उसगाव आणि पेल्हार धरणांचं पाणी शहराला पिण्यासाठी लागतं, म्हणून गाड्यांच्या वाट्याला बहुधा बोअरवेलचं जड पाणी येतं. ते उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे गोल डाग मागे राहतात. मेण लावलेल्या गाडीवर पाणी थेंबाथेंबाने उभं राहत असल्यामुळे हे डाग उलट जास्त ठळक पडतात. मेण लावल्यावर गाडी नीट कोरडी करण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. रोज पुसायची नाही, तर गाडी मळकट ठेवायची का? आणि ज्या माणसाचं महिन्याचं उत्पन्न या पुसण्यावर चालतं, त्याने काय करायचं? पहिल्या भागाचं उत्तर असं की नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाला फारशी इजा करत नाही. इजा करतं ते तिच्यावरून फिरणारं फडकं. पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक मात्र याला अपवाद आहेत. उन्हात तापलेल्या क्लिअर कोटवर ते वाळू दिले तर कायमचा डाग पडू शकतो, म्हणून त्यांच्यावर ओलं कापड थोडा वेळ ठेवून ते लगेच उचलावेत. बाकी गाडी आठवड्यातून दोनदा धुतली तरी पुरे. दुसऱ्या भागाचं उत्तर पगारातच आहे. माणूस तोच, महिन्याचे पैसे तेच, फक्त रोजच्या ओझरत्या पुसण्याऐवजी दोन दिवस नीट धुणं. मालकाने स्वतःच्या गाडीपुरती तीन मायक्रोफायबर फडकी द्यावीत: एक टप-बॉनेटसाठी, एक खालच्या भागासाठी, एक कोरडं करायला. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत शाम्पू आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. आधी वरून पाणी सोडून सुटी धूळ जाऊ द्यायची, मग टपापासून खाली यायचं. चाकं शेवटी, आणि त्यांचं फडकं वर कधीच न्यायचं नाही. पाइप लावून गाडी धुतली तर शंभर लिटर सहज जातात, या पद्धतीत तीस-चाळीस लिटरमध्ये काम होतं. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नये, कारण तेल काढण्यासाठीच बनवलेल्या या वस्तू मेणही उतरवतात.

धुण्याची घडी बसली की मगच मेणांची तुलना अर्थपूर्ण होते. कार्नौबा हे मेण ईशान्य ब्राझीलमधल्या पामच्या पानांवर साठतं. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, तर मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंशांनाच. नैसर्गिक मेणांमध्ये इतकं कठीण दुसरं नाही म्हणूनच त्याचा दबदबा आहे. अमेरिकेतल्या जॉन्सन या मेण बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख तर १९३५ साली याच पामच्या शोधात उभयचर विमानाने ब्राझीलला गेले होते. पण शुद्ध कार्नौबा इतकं टणक असतं की हाताने लावताच येत नाही. डब्यात ते तेलं, द्रावकं आणि मऊ मेणांत कालवलेलं असतं, आणि ‘शंभर टक्के कार्नौबा’ असं लिहिलं असलं तरी अख्खा डबा कार्नौबाचा नसतो. वैशाखात गडद गाडीचा पत्रा ६०-७० अंशांवर जातो. अशा वेळी हे मिश्रण त्याच्या मुख्य घटकाच्या आधीच नरम पडतं. त्याची ऊबदार झळाळी खरी, पण उघड्यावरच्या गाडीवर ती महिना-दोन महिन्यांचीच पाहुणी. कृत्रिम सीलंटची झळाळी किंचित कोरडी, काचेसारखी वाटते. पण त्यातले पॉलिमर पृष्ठभागाला अधिक घट्ट धरतात आणि ऊन-पावसात तीन ते सहा महिने तग धरतात. फवारायचं मेण लावायला सगळ्यात सोपं, टिकायला सगळ्यात कमी. दोन मोठ्या लेपांमधली डागडुजी म्हणून ते चांगलं. क्रीम पॉलिश म्हणून मिळणाऱ्या अनेक वस्तूंमध्ये घासणारे बारीक कण असतात. त्यांनी गाडी लगेच उजळते, कारण क्लिअर कोटचा वरचा अंश निघून जातो. वर्षातून एकदा ठीक. दर महिन्याला केलं तर आपण चाळीस मायक्रॉनची पुंजी स्वतःच्या हाताने खर्च करत असतो. ‘टेफ्लॉन कोटिंग’ हे नाव शोरूममध्ये अजून चालतं. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर बसवताना त्याला तशीच प्रखर उष्णता द्यावी लागते. गाडीच्या रंगाला ती सोसणार नाही. त्यामुळे गाडीवर टिकतं ते त्या लेपातलं मेण किंवा पॉलिमर, नाव काहीही असो.

सिरॅमिक कोटिंगवाल्यांचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: एकदाच खर्च करा, मेणाची कटकट संपवा. चांगल्या हाताने, नीट तयारी करून केलेलं सिरॅमिक खरोखर वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त टिकतं, आणि ज्याला परवडतं त्याने ते करायला हरकत नाही. पण त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाचा असतो. ९एच पेन्सिलीने त्यावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोह श्रेणीशी त्याचा संबंध नाही, आणि क्वार्ट्झची वाळू त्यावरही रेघ ओढते. म्हणजे वाळूभरल्या फडक्याने पुसली जाणारी सिरॅमिकची गाडीसुद्धा जाळ्यांनी भरते. फरक एवढाच की ती जाळी काढायला कोटिंगही घासून काढावं लागतं. शिवाय जड पाण्याचे डाग सिरॅमिकवरही पडतातच. महाग लेपाने पुसण्याची शिस्त माफ होत नाही.

यातून मनवेलपाड्यासाठी वेळापत्रक निघतं, आणि ते आपल्या सणांशी नीट जुळतं. पहिला लेप मृगाआधी, मेच्या शेवटी, आणि तो सीलंटचाच, कारण पुढचे चार महिने गाडी सतत ओली राहणार आणि दमट हवेत लेप नीट सुकणार नाही. दुसरा दसऱ्याच्या सुमारास, पावसाळ्याची घाण साफ करून. या दिवशी बॉनेटवर हळदकुंकू आणि झेंडूचा हार येतोच. ताज्या लेपावरून त्यांचे डाग लवकर निघतात, मात्र हार ओला होऊन कुजेपर्यंत ठेवू नये. तिसरा होळीच्या आधी, म्हणजे रंग आणि पुढचं ऊन दोन्हींच्या तोंडावर. कार्नौबाची झळाळी ज्याला आवडते, त्याने दसऱ्याच्या सीलंटवर तिचा एक हात खुशाल द्यावा. हवा कोरडी होत जाण्याचे ते महिने तिला मानवतात.

लावण्याची पद्धत सोपी आहे, पण क्रम मोडून चालत नाही. धुऊन कोरड्या केलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवावा. खरखर लागली तर सिमेंटचे, डांबराचे कण रुतलेले आहेत. ते काढायला डिटेलिंगची क्ले मिळते. ती भरपूर ओलावा ठेवून हलक्या हाताने फिरवायची, आणि जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरायचा नाही. जाळी जास्त असतील तरच पॉलिश करायचं. मेण सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना, एका वेळी एकच भाग घेऊन लावावं: आधी बॉनेट, मग दार. थर जेवढा पातळ तेवढा चांगला, कारण जाड थरातलं वरचं मेण पुसून फडक्यातच जातं. एका गाडीला वीसेक ग्रॅमही लागत नाही. लेप धुरकट झाला की बोट फिरवून पाहावं. खाली स्वच्छ चकाकी दिसली की पुसायची वेळ झाली. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि रबर आधी टेपने झाकावेत, नाहीतर त्यांवर पांढरे डाग बसतात. सीलंट लावल्यावर शक्यतो एक दिवस गाडीला पाणी लागू देऊ नये.

शेवटचा आक्षेप असा की क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणं अडवणारी रसायनं मुळातच असतात, मग हा उपद्व्याप कशाला? खरं आहे, उन्हाचा मोठा भार तोच थर पेलतो आणि मेण त्यात थोडीच भर घालतं. पत्र्याखालचा, दरवाजांच्या फटीतला गंज तर मेणाने थांबत नाहीच. खाऱ्या हवेत त्यासाठी गाडीच्या तळाला वेगळं कोटिंग लागतं. पण क्लिअर कोट मर्यादित आहे आणि तो वाढत नाही. रबिंगने गाडी चकाकते तेव्हा तो कमीच होत असतो. मेणाचा खरा उपयोग इथे आहे: घाण सैल बसते, कमी घासावं लागतं, कमी रबिंग लागतं, आणि आठ-दहा वर्षांनी विकायला काढलेल्या गाडीवर तो पापुद्रा शाबूत असतो. हे सगळं घासणं कमी होण्यावर अवलंबून आहे. म्हणून दुकानात मेणाच्या डब्याबरोबर मायक्रोफायबरची फडकीही घ्यावीत, आणि पैसे एकाच वस्तूला पुरत असतील तर फडकी आधी घ्यावीत.