समजून घ्या : पेशीतले एक प्रथिन वेळेवर नष्ट झाले नाही, तर किडनीचा कॅन्सर कसा होतो?

तासगाव : द्राक्षबागेत दिवसभर उन्हात काम केले आणि संध्याकाळी लघवी लालसर झाली, की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते, ‘उन्हाळी लागली असेल.’ मग धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते. दोन दिवसांत लघवी साफ होते आणि विषय संपतो. अनेकदा यामागे मुतखडा किंवा संसर्ग असतो. पण काही न दुखता लघवीतून रक्त जाणे हे किडनीच्या कॅन्सरचेही लक्षण असू शकते. हा कॅन्सर सुरू कसा होतो, याचे मोठे उत्तर पेशीतील साफसफाईत दडले आहे.

प्रथिने मोडावी का लागतात?

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. काम संपलेले किंवा बिघडलेले प्रथिन तसेच राहिले तर घोटाळा होतो. म्हणून पेशी त्यावर ‘युबिक्विटिन’ नावाची चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठी लागलेले प्रथिन ‘प्रोटिअझोम’ या यंत्रणेत जाते आणि तिथे त्याचे तुकडे होतात. या शोधासाठी अॅरन सिकॅनोव्हर, अव्राम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

टँकरचा आणि पेशीचा काय संबंध?

दुष्काळी पट्ट्यातील माणसाला हे लगेच समजेल. पाणी आटले की गावातून टँकरची मागणी जाते. पाऊस झाला की मागणी रद्द होते. पेशीत पाण्याच्या जागी ऑक्सिजन आहे आणि मागणीच्या अर्जाचे काम ‘हिफ’ नावाचे प्रथिन करते. ऑक्सिजन कमी पडला की हिफ हुकूम सोडते : नव्या रक्तवाहिन्या तयार करा, तांबड्या पेशी वाढवा.

पेशी हा अर्ज सतत लिहीतच असते. मात्र ऑक्सिजन पुरेसा असेल तर तो काही मिनिटांत फाडलाही जातो. ऑक्सिजनच्या मदतीने हिफवर एक रासायनिक खूण उमटते. ‘व्हीएचएल’ हे प्रथिन ती खूण ओळखते आणि युबिक्विटिनची चिठ्ठी लावून घेते. पुढचे काम प्रोटिअझोमचे. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते, हे उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना 2019 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग किडनीत काय बिघडते?

किडनीच्या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ‘क्लिअर सेल’. दर चारपैकी साधारण तीन रुग्णांत तोच असतो. त्यातील बहुतेकांच्या गाठीत व्हीएचएलचे जनुक बंद पडलेले असते. म्हणजे अर्ज फाडणाराच जागेवर नाही. ऑक्सिजन भरपूर असूनही हिफ साचत जाते, रक्तवाहिन्या वाढत राहतात आणि गाठीला आयता रक्तपुरवठा मिळतो. अर्थात, एवढ्यानेच कॅन्सर होत नाही. त्यात इतर जनुकांतील बिघाडांचीही भर पडावी लागते.

हा आजार घराण्यातून येतो का?

बहुतेक रुग्णांत हा बिघाड आयुष्यात पुढे कधीतरी किडनीच्या पेशीत होतो आणि तो मुलांकडे जात नाही. मात्र काही मोजक्या कुटुंबांत व्हीएचएलचे सदोष जनुक जन्मतःच येते. अशांना कमी वयात, दोन्ही किडन्यांत, तसेच डोळ्यांत आणि मेंदूत गाठी होऊ शकतात. घरात असे रुग्ण असतील तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.

या शोधाचा रुग्णाला काय उपयोग?

गाठ किडनीपुरतीच असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. आजार पसरला असेल तर हे ज्ञान कामी येते. सुनिटिनिबसारखी औषधे रक्तवाहिन्या वाढवणारा संदेश अडवतात. बेल्झुटिफॅन हे औषध थेट हिफच्याच एका प्रकारावर काम करते. अमेरिकेत त्याला 2021 मध्ये आनुवंशिक व्हीएचएल आजारासाठी आणि 2023 मध्ये पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. त्याचा एक दुष्परिणाम म्हणजे रक्त कमी होणे, कारण तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूमही हिफचाच असतो.

आपण काय लक्षात ठेवायचे?

> लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी आपोआप थांबले म्हणून सोडून देऊ नका. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या.

> कुशीत सतत दुखणे, पोटात गाठ लागणे, कारण नसताना वजन घटणे, ही लक्षणेही दाखवा. सुरुवातीला अनेकदा काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसते.

> विडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब यांमुळे धोका वाढतो. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका.

> शस्त्रक्रियेचा खर्च झेपणार नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

पेशीत नेमके काय बिघडले, हे आपल्याला घरी कळणार नाही. लघवीचा रंग मात्र दिसतो. तो बदलला तर धने-जिऱ्याच्या पाण्यावर थांबू नका, डॉक्टरांना गाठा.