उंबरठ्याबाहेरची पंगत

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. गावाची शीव ओलांडावी, शमीचे व आपट्याचे पूजन करावे आणि सोने घेऊन घरी परतावे, हा आपला पूर्वापार परिपाठ. परंतु गेल्या दसऱ्यास आमच्या कुटुंबाने जी शीव ओलांडली ती गावाची नव्हती. ती होती आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची.

झाले असे की, श्रावणात ओल्या अंगणात पाय घसरून आमच्या मातोश्री पडल्या व त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, तरी पुरण वाटण्याचे बळ हातात आले नव्हते. आमची पत्नी परिचारिका. खंडेनवमीची रात्रपाळी करून ती दसऱ्याच्या सकाळी घरी यावयाची होती. जालन्याहून धाकटे बंधू सहकुटुंब येणार होते. अशा स्थितीत बंधूंनीच सुचविले, “दादा, यंदा सर्वांनी बाहेरच जेवू या.”

मातोश्रींच्या मुखावर विषाद उमटला. “सणाच्या दिवशी घरची चूल पेटायची नाही? देवाला काय दाखवायचं?” त्यांचा प्रश्न साधा होता, पण आम्हांस निरुत्तर करणारा होता. घरात घट बसले होते, अखंड दीप तेवत होता. नऊ दिवसांच्या उपासनेची सांगता हॉटेलातील थाळीने करावी, हे आमच्याही मनास रुचेना.

अखेर आम्ही आमच्या कुलोपाध्यायांस विचारले. ते म्हणाले, “देवीला घरचा नैवेद्य हवा, पण तो परातभर असलाच पाहिजे असे कोठे आहे? वाटीभर खीर करा आणि मनोभावे दाखवा. नंतर आईंना सुखाने दोन घास खाऊ घाला, तीही पूजाच.”

त्याप्रमाणे दसऱ्याच्या सकाळी मातोश्रींनी डाव्या हाताने ढवळून तांदळाची खीर केली. देवापुढे पाण्याचे चौकोनी मंडल काढून वाटी ठेवली, वर तुळशीपत्र घातले. घट उठले. घटातील कोवळे धान मुलांनी टोप्यांत खोवले. मग आम्ही सारे छावणीतील कर्णपुऱ्याच्या देवीस निघालो. बिकानेरचे राजे कर्णसिंह यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिसर नवरात्रात यात्रेने फुलून जातो. रेवड्या-फुटाण्यांची दुकाने, पाळणे, नारळांचे ढीग आणि दर्शनाची लांबच लांब रांग. देवीपुढे हात जोडताना मातोश्री पुटपुटल्या, “आई, आजचा दिवस सांभाळून घे.”

भोजनगृहात पोहोचावयास दोन वाजले. तेथेही रांग होतीच. आमच्यासारखीच किती कुटुंबे नवी वस्त्रे लेवून तिष्ठत होती! पाट नाहीत, रांगोळी नाही, उदबत्तीचा दरवळ नाही. टेबल मिळाले, ताटे आली. पुरणपोळी, येळवणी, भजी, कुरडई, कोशिंबीर, सारे काही होते. मुलांनी रामदासस्वामींचा भोजनसमयीचा श्लोक म्हटला, तेव्हा शेजारच्या टेबलावरील एका आजोबांनीही हात जोडले.

आणि त्याच क्षणी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली व मन चरकले. मातोश्रींच्या ताटात पोळी सर्वांआधी पडली होती. या घरात त्या आल्यापासून सणाच्या दिवशी त्या पहिल्या पंगतीस कधी बसल्याच नव्हत्या. आधी देव, मग पाहुणे, मग पुरुष व मुले, आणि उरलेसुरले गार अन्न घेऊन शेवटी त्या. ही पंगत आम्ही लहानपणापासून पाहत आलो आणि तिलाच परंपरा म्हणत आलो. वाफाळलेली पुरणपोळी मातोश्रींच्या ताटात पाहावयास आम्हांस त्यांचे मनगट मोडावे लागले!

तथापि मातोश्री जेवेनात. तूप वाढणाऱ्या पोरसवदा तरुणास त्यांनी विचारले, “बाळा, तू जेवलास का रे?”

“नाही आजी. गर्दी सरली की जेवतो, चारच्या सुमारास.”

“गाव कोणतं तुझं?”

“कन्नडकडचं. आईनं पुरण घातलं असंल आज. मी उद्या जाईन.”

मातोश्रींनी बटव्यातून आपट्याचे पान काढून त्याच्या हातावर ठेवले. तो गोंधळला, मग तुपाचे भांडे बाजूस ठेवून वाकून पाया पडला. त्यानंतरच मातोश्रींनी पहिला घास घेतला.

हा संस्कार आमच्या भूमीतलाच आहे. येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. इ. स. 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस तेथे समाधिस्थ झालेल्या एकनाथमहाराजांची कथा कोणत्या घरात सांगितली जात नाही? श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध असता त्याच्या सुवासाने दारावरून जाणारी, अस्पृश्य मानली गेलेली भुकेली माणसे थबकली. नाथांनी व गिरिजाबाईंनी तेच अन्न त्यांस तृप्त होईतो वाढले. ब्रह्मवृंदाने बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतः पानांवर येऊन जेवले, अशी आख्यायिका आहे. नाथषष्ठीच्या उत्सवाची सांगताही काल्यानेच होते. कृष्णाने सर्व सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या, त्यात कोणाची भाकरी कोणती हे उरले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्यास दोष दिला आहे, तो याच अर्थाने.

जेवण चालू असतानाच फिलिपिन्समधील दावाओ शहरी वैद्यकीचे शिक्षण घेत असलेल्या पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याने सांगितले की, गतवर्षी नाताळात एका मित्राच्या कुटुंबाने त्यास तेथील भोजनगृहात नेले होते. लांब टेबलावर केळीची पाने अंथरून मध्ये भाताची रास घालतात, भोवती इतर पदार्थ मांडतात आणि आजोबांपासून नातवापर्यंत सारे हातानेच जेवतात. या पद्धतीस ‘कामायान’ म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत हातास ‘कामाय’ हा शब्द आहे. याने भात, भाज्या व फळे खाल्ली. परंतु घरची आठवण प्रथमच त्या दिवशी सुसह्य झाली, असे तो म्हणाला. मातोश्री हसून उद्गारल्या, “केळीचं पान अन् हातानं जेवण! मग ती माणसं परकी कशी?”

घरची चूल घरचीच. तिची सर बाहेरच्या अन्नास येणार नाही, आणि नित्य बाहेर जेवावे असेही आमचे म्हणणे नाही. यंदाच्या दसऱ्यास पुरण घरीच शिजेल. परंतु ते आम्ही बंधू वाटू, आणि पहिले पान मातोश्रींचे व तिच्या सुनांचे मांडले जाईल. जे हात आजवर वाढीत आले त्यांस वाढण्याचे हे सीमोल्लंघन घरोघरी घडो, आणि अन्नपूर्णेची कृपा सर्वांच्या ताटावर राहो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.