बोडेगा नावाचं कपाट

पाच फूट रुंदीचं एक कपाट. आत चिप्स, बिस्किटं, टूथपेस्ट, कपड्यांचा साबण. मोबाइलवरच्या अ‍ॅपने दार उघडायचं, हवं ते उचलायचं आणि चालू लागायचं. काय उचललं ते कॅमेरे ओळखतात आणि पैसे कार्डावरून आपोआप वळते होतात. गल्ला नाही आणि गल्ल्यावर माणूसही नाही. गूगलमधून बाहेर पडलेल्या पॉल मॅकडोनाल्ड आणि अश्वथ राजन यांची ही कंपनी 13 सप्टेंबर 2017 रोजी अमेरिकाभर गाजली. तिचं नाव होतं 'बोडेगा' आणि लोगोत होतं एक मांजर. त्याच दिवशी मॅकडोनाल्ड यांना माफी मागावी लागली!

कपाटावर इतकं चिडण्यासारखं काय होतं? नाणं टाकून खाऊ देणारी यंत्रं अमेरिकेत कित्येक पिढ्यांनी पाहिली आहेत. खरी गंमत त्या नावात साठलेल्या आयुष्यांत आहे.

बोडेगा म्हणजे न्यूयॉर्कच्या नाक्यावरचं छोटं दुकान. दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोहून लोंढ्यांनी आलेल्या माणसांनी ही दुकानं उभी केली, पुढे डोमिनिकन रिपब्लिकच्या लोकांनी चालवली आणि आज त्यांतली कितीतरी येमेनी कुटुंबांच्या हातात आहेत. मालक बदलले, देश बदलले, धर्मही बदलला. स्पॅनिश नाव मात्र टिकलं. रात्री दोन वाजता तव्यावर अंडं-चीज पाव भाजून मिळतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी मिळते, अगदी आपल्या वाण्याच्या वहीसारखी. शेजारी घराची किल्ली विश्वासाने दुकानदाराकडे ठेवून जातात. आणि मांजर? खाण्याच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात ते ठेवायला नियमाने मनाई, तरी उंदरांच्या धाकाने पाळलेलं, पावाच्या लाद्यांशेजारी पसरलेलं मांजर म्हणजे बोडेगाची ओळखच. नेमकं तेच लोगोवर गेलं.

त्याच वर्षी 2 फेब्रुवारीला, येमेनसह सात देशांच्या नागरिकांवर ट्रम्प यांनी घातलेल्या प्रवेशबंदीच्या निषेधार्थ, येमेनी दुकानदारांनी हजारावर बोडेगा दुकानांची शटरं दुपारी खाली ओढली होती. ब्रुकलिनच्या बरो हॉलसमोर त्यांनी नमाज पढला. एरवी दिवसरात्र उघडी असणारी दुकानं बंद दिसली आणि ती कोण चालवतं हे शहराला नव्याने कळलं. त्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी हे कपाट आलं.

मॅकडोनाल्ड यांनी नावाचा विचार केला नव्हता असं नाही. लॅटिन अमेरिकी समाजात पाहणी करून, हे नाव म्हणजे तुमच्या शब्दाचा गैरवापर वाटतो का, असं त्यांनी विचारलं होतं. 97 टक्के लोक 'नाही' म्हणाले. मला या प्रकरणात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पाहणी झाली, आकडा अनुकूल आला, तरी सगळं उलटलं. कारण पाहणीतला प्रश्न फक्त शब्दापुरता होता. पाहावं तिथे शंभर फुटांवर आपलं कपाट, असं एक लाख कपाटांचं स्वप्न मॅकडोनाल्ड यांनी मुलाखतीत बोलून दाखवलं होतं. मग वेगळ्या दुकानात जायची गरजच उरणार नव्हती. मॅकडोनाल्ड यांनी पुढे खुलासा केला की नाक्यावरची दुकानं बंद पाडायचा आमचा हेतू नाही, आम्हाला त्यांचं कौतुकच आहे. पण लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या: ज्याच्या पोटावर पाय येणार, त्याचंच नाव आणि त्याचंच मांजर दारावर. नुसतं कपाट खपलं असतं, नुसतं नावही कदाचित खपलं असतं. दोन्ही मिळून जे झालं ते खपण्यासारखं नव्हतंच, आणि लोकांचा राग रास्त होता.

पुढे कंपनीने नाव बदलून 'स्टॉकवेल' केलं. कोरोनाच्या साथीत, 1 जुलै 2020 रोजी तिचा कारभार थांबला. त्याच साथीत न्यूयॉर्कने जी दुकानं जीवनावश्यक म्हणून उघडी ठेवू दिली, त्यांत बोडेगा होती.