तासाचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ महिने एक ट्रॅक्टर उभा होता. पिंपळे गुरवात, तळमजल्यावर, दोन मोटारींच्या मधे. सोसायटीच्या तीन बैठकांत तो विषयपत्रिकेवर आला, तोही ‘ऑइल गळती’ या सदराखाली. ट्रॅक्टर मामांचा, खेड तालुक्यातला, बी-275. गावात मात्र त्याला या नावानं कुणी ओळखत नसे. सगळे ‘इंटरनॅशनल’ म्हणत. मामा गेले, गोठा पाडायचं ठरलं, भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. तेव्हा, आयुष्यात औताला फार तर दोनदा हात लावलेला मी मधे पडलो.

‘इंटरनॅशनल’ या नावामागं इतिहास आहे. 1963 साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कारखाना मुंबईत कांदिवलीला. मॉडेल आलं इंग्लंडातल्या डॉनकॅस्टरच्या कारखान्यातून, 1958 सालचं: चार सिलिंडरांचं डिझेल इंजिन, 35 हॉर्सपॉवर, पुढचे आठ गिअर आणि मागचे दोन. 1977 साली ही कंपनी महिंद्रांमध्ये विलीन झाली. 275 हा आकडा मात्र त्यांनी सोडला नाही. पुढं 275 डीआय आला. नावात आकडा तोच, पण इंजिनाची जात वेगळी. जुन्यात डिझेल आधी बाजूच्या छोट्या कोठीत पेटतं, नव्यात थेट पिस्टनच्या डोक्यावर. सुटे भाग शोधताना हा फरक माहीत नसला की दुकानदार हसतो. माझ्यावर दोन दुकानदार हसले.

या कंपनीच्या आधी आपल्याकडं ट्रॅक्टर मोठ्या संख्येनं जमवले ते सरकारनं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्यानं मागं टाकलेली यंत्रं गोळा करून केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. मुख्य काम, मध्य भारतातल्या काळ्या जमिनी गिळून बसलेला काँस हा गवताचा प्रकार मुळासकट उपटायचा. त्यासाठी आणखी अवजड यंत्रं हवी होती, म्हणून 1949 साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलर कर्ज घेतलं. रेल्वेच्या कर्जानंतर बँकेनं भारताला दिलेलं हे दुसरंच कर्ज. दख्खनच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. हरळी आणि कुंदा यांच्याशी ज्याची गाठ पडली आहे, त्याला गवतापायी कर्ज काढावं लागतं हे पटवून द्यावं लागत नाही.

असो. ट्रॅक्टर पार्किंगमध्ये आला तेव्हा इंजिन जाम होतं. कासारवाडीचे एक निवृत्त मेकॅनिक, उभी हयात डिझेल इंजिनांत गेलेले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “जाम म्हणजे मेलेलं नाही. झोपलंय.” नोझल काढले, त्या भोकांतून चारही सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि झाकून ठेवलं. रोज संध्याकाळी थोडं आणखी. दहाव्या दिवशी त्यांनी फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवली आणि जोर न लावता, नुसतं अंगाचं वजन टाकून ते उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून कुठून तरी, ओलं दार निघावं तसा आवाज आला आणि फ्लायव्हील बोटभर सरकलं. पहार काढून त्यांनी आधी हात पुसले, मग चहा मागितला.

पुढचं काम सांगायला सोपं, करायला खर्चिक. बोअरिंग, लायनर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, टॅपेट, पंपाचं कॅलिब्रेशन, क्लच प्लेट, हायड्रॉलिकचे सील. एका वर्कशॉपनं दोन सिलिंडरांचं माप मोठं काढलं, इंजिन निळा धूर ओकायला लागलं आणि सगळं उतरवून पुन्हा करावं लागलं. सोसायटीच्या तीन बैठकांपैकी दोन, सदर गळतीचं असलं तरी, त्या धुरामुळं. या भागात हौसेचं असं काम निघू शकतं याचं कारण इथली माती नव्हे, इथलं लोखंड. 1962 साली एमआयडीसी आली आणि मोटारी, इंजिनं, बेअरिंगं बनवणारे हात इथं स्थायिक झाले. दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, चिंचवडला रस्टनची इंजिनं, पलीकडं खडकीला किर्लोस्करांची. जुनं काही मिळालं नाही तर लेथवर करून देणारा माणूस अजून गल्लीत सापडतो. भंगारातून वेचून देणारा मात्र कमी झाला. चिखलीतली कुदळवाडीची भंगार बाजारपेठ फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं बुलडोझर लावून हटवली. ती अनधिकृत होती, तिथल्या आगी आणि धूर खरा होता, हे मान्य. पण टूलबॉक्सचं मूळ झाकण मला तिथल्याच एका ढिगात, पाडापाडीच्या महिनाभर आधी मिळालं होतं.

इंजिन चालू होण्याआधीचा शेवटचा सोपस्कार म्हणजे हवा काढणं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांच्या मधे डिझेल, आणि अखेर एकसंध, काचेसारखी धार. ती धार दिसली की स्क्रू आवळायचा. एक बुडबुडा आत राहिला तरी इंजिन दोन धक्के देऊन बंद पडतं. हे काम घाईच्या माणसाचं नाही.

ट्रॅक्टर चालू झाला आणि कागदांचा प्रश्न आला. 2021 साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी वेगळी सोय केली. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ रूपात राखलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, शुल्क 20,000 रुपये, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. मोठ्या आशेनं नियम वाचला. त्यात दुचाकी आहेत आणि प्रवासी मोटारी आहेत. ट्रॅक्टर नाही. म्हणजे संस्थानिकाची मोटार वारसा, आणि ज्यानं तालुक्याची नांगरट केली ते यंत्र जुनं वाहन. रागावण्यासारखं यात फार नाही. आपल्याकडं ट्रॅक्टर अजून म्हातारा होऊ दिला जात नाही, पन्नाशीतही तो ट्रॉली ओढत असतो. ज्याला पेन्शन नाही त्याला सत्कार कसला.

पण चालू झालेल्या ट्रॅक्टरचं करायचं काय? मेळाव्यात हार घालून उभा करायचा? खंडेनवमीला आणि भादवी पोळ्याला हार त्याला असाही पडतो. इंग्लंड-आयर्लंडची मंडळी काय करतात हे शोधलं, तेव्हा कळलं की ती जुन्या ट्रॅक्टरनं नांगरतात. स्पर्धेत. तिथं 1959 अखेरपर्यंतच्या ट्रॅक्टर-नांगरांसाठी वेगळा ‘व्हिंटेज’ गटच असतो. आमच्या बी-275 चा जन्म 1958 च्या आराखड्यावरचा, हे वाचून मला उगीचच आपला नातेवाईक मोठ्या घरचा निघाल्यासारखं वाटलं.

आयर्लंडमध्ये ही गोष्ट एका वादातून सुरू झाली. कुठल्या परगण्याचे नांगरणारे सरस यावरून किल्डेअर आणि वेक्सफर्डचे दोघे भिडले आणि 1931 च्या फेब्रुवारीत अथाय गावाजवळ घोड्यांच्या नांगरांची स्पर्धा भरली. नऊ परगणे उतरले. आज त्याच स्पर्धेच्या तीन दिवसांत अडीच लाखांच्या आसपास लोक जमतात. जागतिक संघटना 1952 ची, पहिली जागतिक स्पर्धा 1953 साली कॅनडात ओंटारिओमधल्या कोबर्गला. जिथं स्पर्धा होते तिथं शांततेचं स्मारक म्हणून दगडांचा एक चौथरा रचतात. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती.

स्पर्धकाला मिळणारा तुकडा 100 मीटर लांब, 20 मीटर रुंद. आपल्या हिशेबानं वीस गुंठ्यांना थोडा कमी, म्हणजे अर्धा एकर. पिंपळे गुरवात एवढ्या जागेवर आता टॉवर उभा राहतो. गुण कशाला? पहिलं उघडणं नीट झालं का, त्यावर परत माती लोटून केलेला माथा सारखा आहे का, मातीच्या पट्ट्या एकसारख्या कलल्या का, वरचं गवत-धसकटं पूर्ण गाडली गेली का, टोकाला नांगर एका रेषेत खाली गेला आणि एका रेषेत वर आला का, शेवटचा चर अरुंद आणि उथळ राहिला का. आणि सगळ्यांत आधी, तास सरळ आहे का. वेळेची मर्यादा असते, पण लवकर संपवलं म्हणून बक्षीस नाही.

इथं मला आपल्या भाषेची गंमत वाटली. मराठीत तास म्हणजे नांगरानं काढलेली ओळ, आणि तास म्हणजे साठ मिनिटं. ट्रॅक्टर आल्यापासून आपण पहिला तास विसरलो आणि दुसरा लक्षात ठेवला. भाडं कुठं तासावर, कुठं एकरावर. दोन्हीकडं ड्रायव्हर घाईत. वाकडातिकडा तास, बांधाकडेला सुटलेले कोपरे, मधे न फिरलेली माती, हे सगळं रोटाव्हेटर झाकून टाकतो.

आपल्याकडं स्पर्धांची उणीव नाही. कोकणात चिपळूण, संगमेश्वर, लांज्याकडं पावसाळ्यात नांगरणीच्या स्पर्धा होतात. गावठी बैलजोड्यांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. चिखलानं भरलेल्या मळ्यात नांगरासकट फेरा मारायचा, निकाल सेकंदांत. कोल्हापूर-सांगलीच्या यात्रांत ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली उलटी घेण्याची स्पर्धा लागते. ज्यानं एकदा ती घेऊन बघितली आहे त्याला ही कला किती अवघड हे माहीत आहे. पंजाबात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून ओढतात. तिथं ट्रॅक्टरच्या कसरतीत एका तरुणाचा जीव गेल्यावर सरकारनं 2023 साली अशा कसरतींवर बंदी घातली. आणि आमच्या शेजारी चिखलीच्या घाटात 2022 साली बैलगाडा शर्यतीचं पहिलं बक्षीस जेसीबी होतं. वेग, ताकद, धाडस यांना बक्षीस आहे. तासाला नाही.

पूर्वी होती का ही नजर? होती, पण ती स्पर्धेत नव्हती, इर्जिकीत होती. दहा-बारा औतं एका वावरात एकामागं एक चालायची, वाकडा तास घेणाऱ्याला मागचा माणूस सगळ्यांदेखत सुनवायचा. पंच लागत नव्हता. लोखंडी नांगरालाही याच नजरेतून जावं लागलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर केला, तेव्हा लोखंडानं माती विषारी होते असं लोक म्हणत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, अशी हकीकत आहे. शेतकऱ्यानं अखेर नांगर घेतला तो भाषणं ऐकून नव्हे, शेजाऱ्याच्या वावरातली माती पालटलेली बघून.

एप्रिलमध्ये आम्ही गावी गेलो. मामेभावानं कांदा निघालेलं दहा गुंठ्यांचं वावर दिलं. पाणी देऊन वापसा यायची वाट बघितली. वापसा हा शब्द ज्या भाषेत आहे तिला नांगरट शिकवायची गरज नाही. मूठभर माती दाबावी, लाडू व्हावा, आणि बोटानं टिचकी मारताच फुटावा. त्याआधी नांगराल तर चिकट पाट्या निघतात, उशिरा नांगराल तर ढेकळं.

मागं दोन फाळी नांगर. पहिला धडा टॉप लिंकचा. तो आखूड केला की नांगराचं नाक खाली जातं, फाळ जमिनीत घुसतो; लांब केला की नांगर वरवर घसरतो. दुसरा धडा उजव्या लिफ्ट रॉडचा. पहिल्या तासाला चारही चाकं सपाटीवर असतात, दुसऱ्यापासून उजवी चाकं चरात उतरतात, ट्रॅक्टर कलतो आणि नांगरही. म्हणून दुसऱ्या फेरीआधी खाली उतरून रॉडची मूठ फिरवून नांगर पुन्हा समतल करायचा. मी उतरलो नाही. परिणाम पुढं चार फेऱ्या दिसत राहिला, एक पट्टी जाड, एक पातळ, केळ्याच्या घडातल्या फण्यांसारखी.

पलीकडच्या बांधावर पांढरं फडकं बांधलेली काठी रोवली होती. नजर तिच्यावर ठेवायची, नांगराकडं बघायचं नाही. मी तीनदा मागं वळून पाहिलं आणि तास तीन ठिकाणी वाकला. तिन्ही जागा बांधावरून मोजता येत होत्या. शेजारच्या वावरातले एक आजोबा येऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “इंजिन झ्याक झालंय.” तासाबद्दल ते काही बोलले नाहीत.

मोशीला दर डिसेंबरात कृषी प्रदर्शन भरतं. लाखोंचे ट्रॅक्टर चकचकीत उभे असतात, माणसं सीटवर बसून फोटो काढतात. तिथल्या आयोजकांना, कृषी महाविद्यालयांना, यात्रा समित्यांना माझं एकच मागणं आहे. जवळपास कुठं तरी अर्धा एकर भाड्यानं घ्या, वापसा बघून तारीख ठरवा, सुतळी आणि मोजपट्टी घेऊन तीन जुने शेतकरी पंच बसवा. जुन्या ट्रॅक्टरांचा गट वेगळा ठेवा. बक्षिसाला जेसीबी नको, एक चांगला फाळ पुरे.

आणि तुमच्या गोठ्यात, आंब्याखाली, ताडपत्रीत एखादा झेटर, फर्ग्युसन किंवा इंटरनॅशनल पडून असेल, तर भंगारवाल्याला होकार देण्याआधी त्याचं आरसी बुक शोधून ठेवा, नोझलच्या भोकांतून डिझेल ओता आणि दहा दिवसांनी फ्लायव्हीलला पहार लावून बघा.