मुद्दाम नाही केलं, यार!

चुकीचा मेल अख्ख्या टीमला गेला की हे वाक्य ठरलेलं. पण मुद्दाम नाही केलं म्हणजे आपण सुटलो का? गंमत म्हणजे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी मगधात याच प्रश्नावर जोरदार वाद झडत होते.

एका बाजूला गौतम बुद्ध, दुसऱ्या बाजूला वर्धमान महावीर. दोघांमध्ये साम्य किती बघा! दोघंही क्षत्रिय घराण्यातले. परंपरा सांगते, एकाने २९व्या वर्षी घर सोडलं, दुसऱ्याने ३०व्या. म्हणजे आपण होम लोनचे फॉर्म भरतो त्या वयात! राजगृह, वैशाली हा दोघांचाही वावर. यज्ञातले पशुबळी दोघांना नामंजूर. उपदेश संस्कृतात नाही, लोकांच्या बोलीत. संघात स्त्रियांना प्रवेश, पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम, हेही कॉमन.

मग फरक कुठे? महावीरांनी बारा वर्षं खडतर तप केलं. बुद्धांनीही उपाशी राहून पाहिलं, पण ते सोडून मध्यम मार्ग धरला. जैन विचारात प्रत्येक जिवाला नित्य आत्मा आहे. बुद्धांच्या मते असा कायमचा 'मी' कुठे सापडतच नाही.

पण खरी मेख आहे कर्मात. बुद्ध म्हणतात, हेतू हेच कर्म. जैन मतानुसार कर्म म्हणजे आत्म्याला धुळीसारखं चिकटणारं सूक्ष्म द्रव्य. हेतूला तिथेही किंमत आहे, पण बेसावधपणे मुंगी चिरडली तर 'लक्ष नव्हतं' ही सबब चालत नाही. म्हणून तर जैन साधू जमीन पाहून पाऊल टाकतात.

पाली 'मज्झिम निकाया'त एक झकास किस्सा आहे. नालंदाचा श्रीमंत गृहस्थ उपाली हा महावीरांचा अनुयायी. याच मुद्द्यावर तो बुद्धांना हरवायला गेला आणि त्यांचाच शिष्य झाला. ग्रंथ बौद्धांचा, त्यामुळे निकाल अपेक्षितच! पण पुढचं ऐका. बुद्धांनी त्याला आधी नीट विचार करायला सांगितलं. वर बजावलं, तुझ्या दारी जैन साधूंना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस.

वाद जिंकल्यावरही समोरच्याच्या ताटाची काळजी घ्यायची, हे आपल्याला मीटिंगनंतर कितीदा जमतं?