लायपो बॅटऱ्या, हँडबॅग आणि ऐकीव नियम

रेडिओ कंट्रोलवरची विमानं उडवणारी मंडळी आपल्याकडे फार नाहीत, पण जी आहेत ती सल्ले द्यायला कधी कमी पडत नाहीत. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचा संघ चेन्नईला एसएई इंडियाच्या एअरो डिझाइन स्पर्धेला किंवा तशाच स्पर्धेसाठी थेट अमेरिकेला निघाला, की महिनाभर आधीपासून पंखांच्या खोक्याची मापं घेणं सुरू होतं. लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटऱ्यांची आठवण होते ती निघायच्या आदल्या रात्री. मग कुणीतरी सीनियर सांगतो, "अरे, टाक चेक-इनमध्ये, कोण बघतंय!" या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली ही की बघणारे असतात. चेक-इन सामानही एक्स-रेमधून जातं, आणि बॅटरी दिसली तर बॅग बाजूला काढून मालकाच्या नावाचा पुकारा होतो. दुसरी चूक जास्त गंभीर आहे.

गैरसमज : पेट घेणारी वस्तू माणसांपासून लांब, सामानाच्या कप्प्यात असलेली बरी

ऐकायला हे अगदी पटतं. नियम मात्र नेमका उलटा आहे. सुटी लिथियम बॅटरी, म्हणजे जी कुठल्याही उपकरणात बसवलेली नाही ती, फक्त हँडबॅगमध्येच न्यायची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयसीएओचा, हा नियम आहे आणि भारतातल्या कंपन्यांनाही तोच लागू आहे. पॉवर बँकसुद्धा सुटी बॅटरीच धरली जाते.

कारण समजून घेतलं की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. लिथियमचा एक सेल बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, तो पुढच्याला. याला थर्मल रनअवे म्हणतात. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली रासायनिक प्रक्रिया थांबवू शकत नाही. तिला हवं ते थंड करणं, म्हणजे पाणी. विमान आकाशात असताना सामानाच्या कप्प्यात पाण्याची बाटली घेऊन कोण जाणार? केबिनमध्ये धूर दिसतो, वास येतो, कर्मचारी धावतात, भरपूर पाणी ओततात. तिथेही आग लागू शकते, पण तिच्यापर्यंत माणसाचा हात पोहोचतो.

३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतल्या कोलोनला निघालं होतं. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. आग लागली, कॉकपिट धुरानं भरलं, वैमानिकांना समोरची उपकरणं दिसेनाशी झाली. परत दुबईत उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळलं आणि दोघंही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेणंच बंद झालं, त्यामागे असेच अपघात आहेत.

म्हणून हँडबॅग म्हणजे अभयदान, असंही नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि संशय पॉवर बँकेवर होता. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळे १७६ जण बाहेर पडले. त्यानंतर कोरियानं पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. तेव्हा बॅटऱ्यांची पिशवी समोरच्या सीटखाली, पायाशी ठेवा. बॅग वर कोंबून निवांत झोपण्यासारखी ही वस्तू नाही.

जाता जाता आणखी एक. सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो म्हणून तिथे बॅटरी फुटते, असं छातीठोक सांगणारे भेटतात. प्रवासी विमानात खालच्या कप्प्यातला दाब केबिनइतकाच असतो. अडचण दाबाची नाही.

गैरसमज : पाच हजार एमएएचपर्यंत चालतं, त्यावर नाही

मोजमाप एमएएचचं नाहीच, वॉट-अवरचं आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, एवढं सोपं गणित. लायपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा धरतात. म्हणजे फोमच्या ट्रेनर विमानात असते ती ३एस, म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएचची बॅटरी ११.१ गुणिले २.२, जेमतेम २४ वॉट-अवर. ४एस ५००० झाली ७४. आणि ६एस ५००० झाली १११. तिन्हींपैकी दोनांवर 'पाच हजार'च लिहिलंय, पण त्यातली एक सरळ जाते आणि दुसरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते.

सीमा अशा आहेत : १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी नको. १०० ते १६० पर्यंत कंपनीची मंजुरी हवी, आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात अजिबात नाही, मग ती हँडबॅग असो की चेक-इन.

मोठी विमानं उडवणारे इथे एक सरळ, नियमात बसणारा मार्ग काढतात. ६एसची एक बॅटरी नेण्याऐवजी ३एस ५००० च्या दोन न्यायच्या, प्रत्येकी साडेपंचावन्न वॉट-अवरच्या. मैदानावर सिरीजमध्ये जोडल्या की तेच २२.२ व्होल्ट. सीमा एकेका बॅटरीची असते, पिशवीतल्या सगळ्यांच्या बेरजेची नाही. त्यामुळे "तुमच्या मिळून दोनशे झाल्या" असं काउंटरवर कुणी म्हणालंच, तर शांतपणे नियम दाखवावा. संख्येवर मात्र बंधन असतं. साधारण नियम माणशी वीस सुट्या बॅटऱ्यांचा आहे आणि काही कंपन्यांचा आकडा त्याहून बराच कमी असतो.

वेष्टन फाटून आकडे गेलेली बॅटरी घरीच राहू द्या. सुटे सेल आणून स्वतः सोल्डर केलेला पॅकही. प्रवासी विमानातून न्यायच्या बॅटरीचा प्रकार संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्यांतून गेलेला असावा लागतो. घरच्या टेबलावर केलेला पॅक कितीही सुबक असला तरी त्यात बसत नाही.

गैरसमज : बॅटरी पूर्ण उतरवली की ती निर्धोक

निर्धोक नाही, बहुधा निकामी होते. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतली रचना बिघडते आणि पुढच्या चार्जिंगला तोच सेल दगा देतो. पूर्ण भरलेली, ४.२ व्होल्टची बॅटरीही प्रवासाला वाईट, कारण तिच्यात पेटायला सगळ्यात जास्त ऊर्जा असते. मधला मार्ग चार्जरवरच दिलेला असतो : स्टोरेज मोड, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास. मोठ्या बॅटऱ्यांना त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आदल्या रात्रीचं नाही, आदल्या दिवसाचं.

फुगलेली बॅटरी कुठल्याच पिशवीत नको. खराब किंवा इजा झालेली लिथियम बॅटरी विमानात नेताच येत नाही. "थोडीशीच फुगलीय" हा युक्तिवाद मैदानावरही करू नये.

गैरसमज : लायपो बॅग घेतली की झालं

ती पिवळी-चंदेरी पिशवी चांगलीच, पण नियम तिच्याबद्दल काही मागत नाही. नियम मागतो तो शॉर्ट सर्किटपासून बचाव. ५००० एमएएच आणि ५० सी, म्हणजे क्षमतेच्या पन्नास पट प्रवाह, लिहिलेली बॅटरी कागदोपत्री २५० अँपिअर देऊ शकते. तिच्या टोकांना किल्ल्यांचा जुडगा किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

बॅटरी हातात घेऊन पाहा. जाड लाल-काळ्या वायरींच्या टोकाला पिवळा एक्सटी-६० कनेक्टर असतो. त्यावर टोपी किंवा इन्सुलेशन टेप लावायला बहुतेकांना आठवतं. शेजारीच बारीक वायरींची पांढरी बॅलन्स लीड असते, ४एसला पाच वायरींची, आणि ती तशीच लोंबत राहते. सगळ्या सेलची टोकं तिथेही आलेली असतात. तिलाही टेप लावा आणि मग प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. सुरक्षा तपासणीला ही पिशवी आपणहून ट्रेमध्ये उघडी मांडली की निम्मे प्रश्न कमी होतात.

गैरसमज : मॉडेल विमानच नेऊ देत नाहीत

देतात. बॅटरी काढलेलं विमान म्हणजे फोम, बाल्सा, सर्व्हो आणि मोटर. स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, कटर आणि कार्बनचे प्रॉपेलर चेक-इनमध्ये टाका. ग्लो इंजिनाचं इंधन मात्र मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनचं, ते कुठेच चालत नाही, रिकाम्या डब्यात उरलेलं थेंबभरसुद्धा. एकदा चालवलेलं इंजिन धुतलं तरी वास राहतो आणि अनेक कंपन्या ते घेत नाहीत.

गैरसमज : दुबईहून ड्रोन आणला तर बॅटरीचा नियम पाळला की पुरे

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. बॅटरी हा विमानाचा प्रश्न झाला, ड्रोन हा कस्टम्सचा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सूट आहे ती संरक्षण, सुरक्षा आणि संशोधनासारख्या कामांपुरती, आणि तीही रीतसर परवानगीनं. भाच्यासाठी आणलेली भेट त्यात बसत नाही. बाहेर जातानाही तेच. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये पर्यटकांचे ड्रोन विमानतळावरच अडवले जातात.

शेवटचा प्रसंग गेटवरचा. विमान लहान असलं किंवा वरचे कप्पे भरले, की ऐनवेळी हँडबॅग मागून घेतात आणि खाली पाठवतात. सकाळपासून सगळे नियम पाळलेल्या माणसाच्या बॅटऱ्या अशा नकळत सामानाच्या कप्प्यात जातात. बॅग देण्याआधी "यात लिथियम बॅटऱ्या आहेत" असं स्पष्ट सांगा आणि त्या काढून हातात घ्या. यासाठी त्या सगळ्या एकाच छोट्या पिशवीत, बॅगेत अगदी वर ठेवलेल्या असाव्यात. आणि १०० वॉट-अवरच्या वरची एक जरी बॅटरी असेल, तर तिकीट काढल्या दिवशीच कंपनीला वॉट-अवरचा आकडा कळवून लेखी मंजुरी मागवा. तोंडी "हो"ला काउंटरवर किंमत नसते.