लहान आंतरजालीय समुदायातील नवागतांचे स्वागत व चुकांचे परिमार्जन : मराठी विकिपीडियाच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. या मुक्त ज्ञानकोशात कोणासही लेखन करता येते. तथापि नियमित संपादन करणाऱ्यांची संख्या इंग्रजीच्या तुलनेत फार थोडी आहे. अशा लहान समुदायातून एक अभ्यासक दुखावून निघून गेला, तर त्याच्या विषयाचे दालनच रिकामे राहते. म्हणून नवागतांचे स्वागत आणि झालेल्या चुकीचे परिमार्जन हे केवळ सौजन्याचे नव्हे, तर ज्ञानव्यवहाराच्या टिकाऊपणाचे प्रश्न आहेत, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

नवागत का परततो?

इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. ॲरन हाफेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याची कारणमीमांसा आढळते. खोडसाळ लेखन रोखण्यासाठी उभारलेले नियम व स्वयंचलित साधने यांचा फटका सद्हेतूने आलेल्या नवागतांनाही बसला. पहिलेच लेखन नाकारले गेल्यामुळे अनेकजण पुन्हा आले नाहीत. यावर उपाय म्हणून २०१२ पासून तेथे 'टीहाऊस' हे नवागतांसाठीचे शंकासमाधानाचे स्थान सुरू झाले होते.

मराठीत या कामासाठी 'चावडी' आहे. गावच्या चावडीवर परगावचा माणूस आला तर प्रथम त्याची विचारपूस होते. सराव करण्यासाठी 'धूळपाटी' आणि प्रत्येक सदस्यासाठी स्वतंत्र चर्चापान अशा सोयीही आहेत. मात्र चर्चापानावर साच्यातील स्वागतसंदेश लावल्याने स्वागत पूर्ण होत नाही. नवागताचे लेखन कोणीतरी वाचले आहे, हे त्याला जाणवले पाहिजे.

वऱ्हाडच्या संदर्भात दोन उदाहरणे

समजा, अकोल्यातील कृषिशाखेच्या एका विद्यार्थ्याने 'पऱ्हाटी' या शीर्षकाचा लेख लिहिला. शब्द अशुद्ध समजून तो लेख काढून टाकणे सोपे आहे. परंतु 'पऱ्हाटी' हा कपाशीसाठी वऱ्हाडीत रूढ असलेला शब्द आहे. तो शब्द राखून 'कापूस' या लेखाकडे पुनर्निर्देशन करणे आणि विद्यार्थ्याची माहिती मूळ लेखात समाविष्ट करणे हा योग्य मार्ग होय. त्यामुळे नियमही पाळला जातो आणि त्याची भाषाही अपमानित होत नाही.

दुसरे उदाहरण असे. अमरावतीच्या एका प्राध्यापिकेने ऋद्धपूर व महानुभाव परंपरा यांविषयी लेखन केले. जुन्या संपादकाने ते नक्कल केलेले समजून वगळले. नंतर मजकूर त्यांचाच असल्याचे निष्पन्न झाले. अशा वेळी तांत्रिक दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक संपादनाचा इतिहास जतन होतो आणि वगळलेले पानही प्रचालकांना पूर्ववत करता येते. परंतु पान परत आले म्हणून लेखिका परत येईलच असे नाही.

परिमार्जनाचे स्वरूप

म्हणून परिमार्जनात चार गोष्टी अपेक्षित आहेत. मजकूर ज्याने वगळला त्यानेच तो परत आणण्यासाठी पुढाकार घ्यावा. आक्षेप जेथे जाहीरपणे नोंदविला, तेथेच चुकीची कबुली द्यावी. 'गैरसमज झाला असल्यास' अशी सशर्त भाषा टाळावी. शेवटी, त्या व्यक्तीच्या अभ्यासाला साजेशा एखाद्या लेखासाठी तिचे सहकार्य मागावे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण दिलगिरीने मागचे मिटते, पण सोपविलेल्या कामाने नाते पुढे चालते.

याचा अर्थ नियम सैल करावेत असा नाही. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरविणे हा प्रताधिकाराचा भंगच आहे आणि संदर्भांचा आग्रहही रास्त आहे. प्रश्न नियमांचा नसून ते सांगण्याच्या रीतीचा आहे.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापकांना हा प्रश्न परका नाही. विद्यार्थ्याचा पहिला निबंध तपासताना आपण हेच करीत असतो. विद्यार्थ्यांना विकिपीडियावर लेखनास प्रवृत्त करताना त्यांना संदर्भ देण्याची शिस्त आधी शिकवावी, पहिला मसुदा धूळपाटीवर तपासून द्यावा आणि लेखन नाकारले गेल्यास त्यांच्यासोबत चर्चापानावर जावे. वऱ्हाडची गावे, पिके, बोली व संतपरंपरा यांची नोंद मराठीत कितपत होईल, हे बऱ्याच अंशी या पहिल्या अनुभवावर अवलंबून राहील.